बावीस वर्षं तुमच्यासोबत

गाव्रिल कुत्सारोव मला पहिल्यांदा दिसले तेव्हा आधी त्यांच्या भुवया आल्या. लिफ्टचं दार उघडलं, भुवया बाहेर पडल्या, त्यांनी डावीकडे-उजवीकडे बघून घेतलं, आणि साधारण दोन मिनिटांनी त्यांच्यामागून माणूस आला. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की ते पाऊल टाकायचे तेव्हा डॅन्यूबवर एखादं मालवाहू जहाज नांगर उचलतंय असं वाटायचं. काखेत तपकिरी पुठ्ठ्याची जाडजूड वही. माझ्या हातात सुटकेस, कोटाला फूल, लग्नाला चार तास झालेले.

"थांब!" ते म्हणाले. या एका शब्दाने तिसऱ्या मजल्यावरचं बाळ रडायला लागलं, सातव्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायचा थांबला आणि माझ्या कोटावरचं फूल मान टाकून मोकळं झालं. खोटं वाटत असेल तर माझ्या बायकोला विचारा. तिने ते फूल ठेवलंय अजून, मान टाकलेलंच.

"पाहुणा की रहिवासी?"

"सतरा नंबरचा जावई," मी म्हणालो.

"ते नातं झालं. मी प्रकार विचारतोय. किती रात्री मुक्काम?"

"काका, कायमचा. आजच लग्न झालंय."

"पहिल्या दिवशी सगळे असंच म्हणतात," असं म्हणून त्यांनी भिंतीला वही टेकवली आणि माझ्या नावापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं : पाहुणा.

ही १९८३ ची गोष्ट. पुढची सहा वर्षं मी त्या वहीत पाहुणाच राहिलो. घरजावयाला आमच्या बल्गेरियात तसाही कुत्र्याच्या खालोखाल मान. पण कुत्र्याची नोंद वहीत 'रहिवासी' अशी होती.

आमची इमारत काँक्रीटच्या तयार भिंती जुळवून उभी केलेली, आठ मजली, आणि आमची 'ब' विंग म्हणजे चोवीस बिऱ्हाडं. शेजारचा शिंकला तर आपल्या कपाटातला चिनीमातीचा चहाचा सेट किणकिणतो, इतक्या त्या भिंती पातळ. अशा घरात माणसं एकमेकांवर प्रेम करतील अशी ज्याची कल्पना असेल त्याने तिथे एक रविवार काढून दाखवावा. आम्ही एकमेकांचा द्वेष करायचो, मनापासून आणि नियमितपणे. वरच्याचं पाणी गळतं म्हणून, खालच्याचा कोबी कुजतो म्हणून, समोरचीचा नवरा हसतो म्हणून.

या द्वेषाचे कारभारी गाव्रिलकाका. डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात ते तपासनीस होते, म्हणजे बरण्या उन्हाकडे धरून आत काही हलतंय का ते बघायचे. घरी येऊन तीच नजर आमच्यावर. १९६८ साली पक्षाने त्यांना 'ब' विंगचं कारभारीपण दिलं. तेव्हापासून दरवर्षी सभा व्हायची, "कॉम्रेड कुत्सारोव यांच्या बाजूने कोण?" असं स्वतः कॉम्रेड कुत्सारोव विचारायचे, चोवीस हात वर जायचे, आणि कोणाचा हात किती वेळाने वर गेला हेही वहीत लिहिलं जायचं.

वहीचं काम तसं साधं. बाहेरचा कोणी रात्री मुक्कामाला राहिला तर त्याचं नाव त्यात यायचं, आणि दर महिन्याला ती वही मिलिशियाच्या, म्हणजे पोलिसांच्या, चौकीत दाखवायची. पण दर बिऱ्हाडाचं एक पान, आणि प्रत्येक पानाला समास होता. त्या समासात काय लिहितात हे कोणी पाहिलं नव्हतं, आणि काय लिहीत असतील हे प्रत्येकाला माहीत होतं. कारण ते सांगायला आपणच गेलो होतो.

मीही गेलो होतो. आता लपवण्यात अर्थ नाही. १९८५ मध्ये आठव्या मजल्यावरच्या इंजिनिअर स्लावीने सलग तीन रविवार भिंतीला भोकं पाडली. चौथ्या रविवारी मी खाली जाऊन गाव्रिलकाकांना सहज बोलता बोलता सांगितलं, की इंजिनिअर परदेशी रेडिओ फार मोठ्याने ऐकतो. ऐकत होता, हे खरं. मीही ऐकत होतो, त्याच्याच भिंतीतून.

मग आला १९८९ चा नोव्हेंबर. पस्तीस वर्षं खुर्ची उबवलेले आमचे थोरले साहेब एका दुपारी पायउतार झाल्याचं रेडिओने सांगितलं. त्या दिवशी अख्खी 'ब' विंग मागच्या अंगणात होती, कारण बरण्यांचा मोसम होता. भाजलेल्या लाल ढोबळी मिरच्या भरलेल्या दोनशे बरण्या एका लोखंडी पिंपात रचून खाली जाळ घातलेला. लाकडं ओली. राजवट गेल्याचं कळल्यावर कोणीतरी म्हणालं, "पाणी उकळत नाहीये." इंजिनिअर स्लावी ओरडला, "गाव्रिल, कागद टाक की जरा! नुसता उभा काय!" गाव्रिलकाका घरात गेले आणि कागदांचा मोठा गठ्ठा घेऊन आले. जाळ मस्त पेटला. आम्ही हात शेकले. मिरच्या उत्तम टिकल्या.

तेव्हा याहून जास्त काही कोणाच्या लक्षात आलं नाही.

वसंतात लोकशाही आमच्या जिन्यापर्यंत पोचली. स्लावीने छातीवर विरोधी पक्षाचा निळा बिल्ला लावला, गालांवर दाढी वाढवली आणि सायकली ठेवायच्या खोलीत सभा बोलावली.

"महाशय कुत्सारोव," तो म्हणाला.

"महाशय तुझा बाप," गाव्रिलकाका म्हणाले.

"बावीस वर्षं तुम्ही आमच्या उरावर बसलात. आता निवडणूक. गुप्त मतदान! मी उभा आहे. आणि माझं एकच वचन आहे. मी निवडून आलो तर पहिल्याच दिवशी ती वही अंगणात नेऊन, पान एक ते पान शेवटचं, मोठ्याने वाचणार. कोणी कोणाची चुगली केली हे लोकांना कळलंच पाहिजे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारी माझ्या सासूबाई त्सोना उभ्या होत्या. त्या इतक्या जोरात टाळ्या वाजवत होत्या की मला संशय यायला हवा होता.

"बोलून झालं?" गाव्रिलकाकांनी काखेतली वही थोपटली. "वही कारभाऱ्याची असते. कारभारी बदला, वही त्याची. मग वाचा. पान एक, पान दोन... सात नंबरचं पान लांब आहे, वाचताना पाणी घेऊन बस इंजिनिअर."

सात नंबरच्या टाळ्या थांबल्या. मग अकराच्या. मग हळूहळू सगळ्यांच्याच, जणू कोणी मजल्यामजल्यावरचे दिवे घालवत चाललंय.

गाव्रिलकाकांना काय हवं होतं ते सांगतो, नाहीतर तुम्ही त्यांना लोभी समजाल. कारखान्याने त्यांना त्याच महिन्यात घरी बसवलं होतं. पक्षाने नाव बदललं होतं, आणि नव्या नावाच्या पक्षाला जुन्या भुवयांचे कार्यकर्ते नको होते. उरली ती 'ब' विंग. ती गेली असती तर ते फक्त एक नंबरच्या बिऱ्हाडातला एक म्हातारा झाले असते, ज्याच्या दारावरून तेवीस बिऱ्हाडं रोज दोनदा जाणार, आणि जाताना थुंकणार. थुंकली असती याबद्दल मला शंका नाही. माझी तर तयारीही झाली होती.

म्हणून त्यांनी प्रचार करायचं ठरवलं, आणि इथेच ती चूक झाली.

त्या वसंतात देशाच्याही निवडणुका होत्या, गावात उमेदवाराचा फोटो नाही अशी भिंत उरली नव्हती. निळे फोटो एका बाजूचे, लाल फोटो दुसऱ्या बाजूचे. "रंग आला की पक्ष आला," गाव्रिलकाका म्हणाले, "मी सगळ्यांचा आहे. मला काळा-पांढरा छापा." स्मशानाच्या रस्त्यावर गावातला एकमेव खासगी छापखाना. त्याच्याकडे एकच साचा. फोटो मधोमध, भोवती जाड काळी चौकट, वर नाव, खाली मजकूर. मजकूर गाव्रिलकाकांनी स्वतः लिहिला : 'बावीस वर्षं तुमच्यासोबत'. पिठाची खळ करून त्यांनी भल्या सकाळी तो कागद विंगच्या दारावर चिकटवला, डोळ्यांच्या उंचीवर, जिथे कागद नेहमी चिकटवतात तिथेच.

आता आमच्याकडे माणूस मेला की त्याचा फोटो आणि काळी चौकट असलेलं निधनपत्रक घराच्या दारावर लागतं, बसथांब्यावर लागतं, समोरच्या झाडावर लागतं. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, मग दरवर्षी. त्यामुळे ते वाचत कोणी नाही. फोटो बघायचा, "अरेरे" किंवा "चला" म्हणायचं आणि कामाला लागायचं.

आठ वाजता सासूबाई पाव घेऊन आल्या. "गाव्रिल गेला," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

"कुठे?"

"कुठे काय मूर्खा, मेला! दारावर लागलंय."

मी "चला" म्हणालो. मग मला माझं पान आठवलं.

निवडणूक आता होणार नव्हती. उरला एकटा स्लावी, आणि स्लावी वाचणार होता. सासूबाई "डोकं दुखतंय, जरा हवेला जाते," म्हणून बाहेर पडल्या. त्या जिना उतरेपर्यंत मी दम धरला, मग मागच्या वाटेने जाऊन कोपऱ्यावरून दोन लाल कार्नेशन घेतली. जिवंत माणसाला विषम फुलं, मेलेल्याला सम, एवढं आम्हाला कळतं. फुलवालीच्या बादलीत चारच उरली होती. "आज काय तुमच्या विंगमध्ये सगळेच मेलेत का?" असं ती बया म्हणाली.

एक नंबरच्या दारात सासूबाईंची आणि माझी गाठ पडली. त्या बाहेर येत होत्या, मी आत जात होतो.

"तू इथे कशाला?"

"शेजारधर्म. तुम्ही?"

"मीही तेच," असं म्हणून त्या इतक्या वेगाने जिना चढल्या की त्यांचे गुडघे दुखतात ही सबब त्या दिवसानंतर आमच्या घरात चालली नाही.

आत मिंकामावशी, गाव्रिलकाकांची बायको, स्वयंपाकघरात बसल्या होत्या. समोर साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हाच्या सात वाट्या. श्राद्धाचे गहू शेजाऱ्यांनी आणून दिले होते आणि त्या चमच्याने खात होत्या. फरशीवर बादलीभर कार्नेशन. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख शोधलं तर सापडलं असतं, पण माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता.

"मावशी, देव त्यांना क्षमा करो," मी फुलं पुढे केली. "मोठा माणूस होता हो. असा कारभारी पुन्हा होणे नाही. बरं... ती वही कुठे असते?"

"कुठली वही, बाळा?"

"ती तपकिरी. नाही म्हणजे, सतरा नंबरचं पान. समास. तेवढाच एक कोपरा फाडून दिलात तर आयुष्यभर उपकार..."

काच लावून बंद केलेल्या बाल्कनीचा पडदा सरकला. आधी भुवया आल्या.

माझ्या हातातून टोपी पडली. ती मी अजून उचललेली नाही, कारण तिच्यावर गाव्रिलकाकांनी पाय ठेवला.

"एकोणीस," ते म्हणाले. "सकाळपासून एकोणिसावा तू. जावईबापू, माझ्या मरणाचं तुला इतकं दुःख झालं?"

"काका, तुम्ही... दारावर..."

"तो प्रचार आहे, गाढवा!"

"काळ्या चौकटीत?"

"पहिली म्हातारी फुलं घेऊन आली तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी ओरडायला निघालो होतो. एवढ्यात ती हिला म्हणाली, वही कुठेय? मग म्हटलं, बसावं जरा बाल्कनीत." ते खुर्चीत बसले आणि गव्हाची वाटी ओढून घेतली. "तुझ्या आधी इंजिनिअर येऊन गेला."

"स्लावी? तो तर वाचणार होता ना?"

"चार फुलं घेऊन आला होता. दोन पानं आहेत त्याची." त्यांनी शांतपणे चमचा चाटला. "ऐक. तुझं पान जागच्या जागी आहे. मी जागच्या जागी असेन तोवर. आता जा, आणि संध्याकाळपर्यंत तोंड उघडू नकोस. अजून पाच नंबर यायचेत. आणि मिंकाला राहू दे जरा फुलांपाशी, लग्नानंतर तिला कोणी दिली नव्हती."

"तुम्ही तरी कधी दिलीत?" मिंकामावशी म्हणाल्या.

संध्याकाळी सगळी विंग अंगणातल्या बाकांवर बसून मयताचे गुण गात राकिया, म्हणजे फळांची दारू, पीत होती, तेव्हा गाव्रिलकाका कचऱ्याची बादली घेऊन दारातून बाहेर आले. सहा नंबरच्या बाईने क्रूसाची खूण केली. एकाचा पेला फुटला. स्लावी उभा राहिला.

"ही... ही फसवणूक आहे! मेलेला उमेदवार उभा राहू शकत नाही!"

"मग बसून घेतो," असं म्हणून गाव्रिलकाका बाकावर बसले. "दिवसभर घरीच होतो. बाल्कनीत. हवा छान होती. आवाजही छान येत होता."

एवढंच बोलले. तेवीस बिऱ्हाडांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं.

रविवारी मतदान झालं, घरटी एक मत; सतरा नंबरचं टाकायला मी. स्लावीच्या न्हाणीघराचा पडदा काढून सायकलींच्या खोलीत लावला, मतपेटी म्हणून लोणच्याची बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली. बाहेर रांगेत जो तो मोठ्याने बोलत होता. "बास झाली त्या हुकूमशहाची!" सासूबाई म्हणाल्या. "आज त्याला दाखवतोच," मी म्हणालो. सात नंबरवाला तर रडला, म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा स्वतंत्र आहे. मग एकेक जण पडद्याआड गेला आणि भलताच चटकन बाहेर आला.

स्लावीने स्वतः मतं मोजली. कुत्सारोव तेवीस, स्लावी एक.

त्याने पुन्हा मोजली. मग त्याने आमच्याकडे पाहिलं आणि आम्ही त्याच्याकडे, आणि त्या खोलीत जेवढा तिरस्कार तेव्हा होता तेवढा जुन्या राजवटीने पंचेचाळीस वर्षांत जमवला नसेल. "मेंढरं!" स्लावी किंचाळला. "एकच माणूस निघाला या इमारतीत!"

"तो मी," सात नंबरवाला म्हणाला.

"गप्प बस, तो आमच्या घरातला," सासूबाई म्हणाल्या.

त्या एका मतावर आजही बावीस बिऱ्हाडं हक्क सांगतात. त्यावरून दोन मारामाऱ्या झाल्या. मीही सांगायचो. तुझंच असेल तर बाकीचे एकवीस दावेदार कुठून आले, असं कोणी विचारत नसे, कारण विचारणाराही त्यांच्यातलाच एक असायचा. स्लावीने स्वतः कोणाला मत दिलं असेल याचा हिशेब त्याने कधी मोठ्याने केला नाही.

त्यानंतर गाव्रिलकाका दरवर्षी निवडून येत राहिले. लिफ्ट महिन्याला दोनदा बंद पडायची, छप्पर गळायचं, दारावरचा दिवा चोरीला जायचा. आम्ही शिव्या द्यायचो आणि मत द्यायचो. वही काखेत असायची.

१९९६ च्या हिवाळ्यात लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मध्ये अडकली, आत ते आणि मी. तासभर आम्ही एकमेकांचा श्वास सहन केला. मग त्यांनी किल्ल्या काढायला हात घातला आणि वही खाली पडली. उघडली. मी वाकलो, ते वाकले, पण मी तरुण होतो.

आत पाककृती होत्या. मासिकांतून कापून चिकटवलेल्या. कोबी आंबवण्याच्या तीन पद्धती.

"काका, वही कुठेय?"

त्यांनी भुवया वर केल्या, खाली केल्या. "खाल्लीत तुम्ही," ते म्हणाले. "त्या नोव्हेंबरात. इंजिनिअर म्हणाला, कागद टाक, म्हणून टाकले. रेडिओ ऐकला होता ना मी. म्हटलं, उद्या नवे लोक येतील, वही बघतील, पहिला मलाच भिंतीला लावतील. दोनशे बरण्या उकळल्या तुमच्या समासांवर. पुठ्ठा तेवढा जळेना, तो ठेवला. मिंकाने त्यात तिचे कागद लावले."

"म्हणजे सहा वर्षं आम्ही लोणच्याला मत देतोय?"

"मतं कमी पडली का कधी?"

मला हसावं की त्यांचा गळा धरावा ते कळेना. लिफ्ट लहान होती, गळा धरणं सोपं पडलं असतं. "आणि ते एक मत? पहिल्या वेळचं? स्लावीला पडलेलं?"

"माझं," ते म्हणाले.

"तुमचं? स्वतःविरुद्ध?"

"मला कळत होतं, तुम्ही तेवीसच्या तेवीस मलाच देणार. माझंही पडलं असतं तर चोवीसपैकी चोवीस. त्याला स्वतंत्र निवडणूक कोण म्हणालं असतं रे?" त्यांनी वही काखेत घातली. "आणि सासूबाईंना काही विचारू नकोस. त्या चार वेळा आल्या होत्या."

"कोणाबद्दल सांगायला?"

"तुमच्या घरी पाहुणा कोण होता?"

लिफ्ट सुरू झाली. मी कोणाला काही सांगितलं नाही. एक नंबरच्या बाहेर मला एकट्याला माहीत आहे, ही भावना मला फार आवडली. पुढच्या निवडणुकीत मी पुन्हा त्यांनाच मत दिलं.

गाव्रिल कुत्सारोव २००३ च्या ऑक्टोबरमध्ये वारले. त्याच महिन्यात नगराध्यक्षाची निवडणूक होती, आणि विंगच्या कारभाऱ्याचीही. मिंकामावशींनी त्याच छापखान्यातून कागद आणला आणि दारावर लावला, काळी चौकट, तोच फोटो. दुसऱ्या दिवशी स्लावीने त्यावर पेनाने मिशा काढल्या. अंत्यविधीला मिंकामावशी, मी, माझी बायको आणि पाद्री असे चौघं होतो. बाकीच्यांनी दारावरचा कागद बघून यंदा त्यांना मत द्यायचं नाही असं ठरवलं होतं.